भाजलेल्या रुग्णाला भूल देताना: इंडक्शनच्या (भूल सुरू करण्याच्या) औषधांची सांगड कशी घालावी

भाजलेल्या रुग्णाच्या भुलीचा आराखडा आखताना वजनाच्याही आधी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते, ती म्हणजे जळून किती तास झाले. ६० किलो वजनाची तीच रुग्ण पहिल्या संध्याकाळी, पाचव्या दिवशी आणि सहाव्या आठवड्यात औषधांच्या दृष्टीने तीन निरनिराळ्या व्यक्तींसारखी वागते. पहिल्या संध्याकाळी प्रोपोफॉल या झोपेच्या औषधाच्या ज्या मात्रेने तिचा रक्तदाब कोसळेल, त्याच मात्रेने पाचव्या दिवशी तिला कदाचित पुरती झोपही लागणार नाही. औषधे एकमेकांना कशी जोडावीत याचे उत्तर या फरकातच आहे.

हे टिपण भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत काम करणारे भूलतज्ज्ञ यांच्यासाठी आहे. श्वासमार्ग ताब्यात घेण्याची साधने आणि सराव जवळ नसताना यातील कोणतीही सांगड वापरू नये. मात्रा प्रौढांच्या आणि शिरेतून द्यायच्या आहेत. मुलांच्या मात्रा जिथे वेगळ्या आहेत तिथे तसे लिहिले आहे. वृद्ध, हृदयविकाराचे व यकृतविकाराचे रुग्ण यांना येथे दिलेल्या मात्रांपेक्षा कमीच औषध लागते हे गृहीत धरावे.

शरीरात काय चाललेले असते

भाजलेले क्षेत्र सुमारे २० टक्क्यांच्या पुढे गेले की नुसती कातडी नव्हे, तर सर्व शरीर आजारी पडते. पहिल्या २४ ते ४८ तासांत केशवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिने झिरपून जातात, रक्त घट्ट होते, हृदयाचे उत्क्षेपण (हृदय दर मिनिटाला बाहेर टाकते ते रक्त) कमी होते आणि मूत्रपिंड व यकृताकडे जाणारे रक्तही घटते. अशा वेळी शिरेतून दिलेले औषध कमी झालेल्या रक्तात मिसळते आणि त्याचा तुलनेने मोठा वाटा मेंदू व हृदयाकडे जातो. त्यामुळे परिणाम तीव्र होतो आणि अभिसरण मंद असल्याने तो दिसायला मात्र उशीर लागतो. ‘अजून झोप लागली नाही’ म्हणून घाईने दुसरी मात्रा देण्याचा मोह येथेच घातक ठरतो.

४८ ते ७२ तासांनंतर चित्र उलटते. चयापचय वाढतो, हृदयाचे उत्क्षेपण वाढते, यकृत आणि मूत्रपिंड औषधे अधिक वेगाने बाहेर टाकू लागतात. प्रोपोफॉलचे शरीरातील वितरण आणि निचरा दोन्ही वाढतात, म्हणून ते जास्त लागते आणि लवकर उतरते. याच काळात रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेले असते, त्यामुळे मिडॅझोलॅमसारख्या, अल्ब्युमिनला चिकटणाऱ्या गुंगीच्या औषधाचा मोकळा आणि म्हणून काम करणारा अंश वाढतो. एकाच रुग्णात एक औषध जास्त लागते आणि दुसरे कमी, असे घडते ते यामुळे. नॉन-डीपोलरायझिंग स्नायुशिथिलकांबद्दल (रोक्युरोनियमसारख्या स्नायू सैल करणाऱ्या औषधांबद्दल) सांगायचे तर, ती अल्फा-१ आम्ल ग्लायकोप्रोटीन या रक्तातील प्रथिनाला अधिक बांधली जातात. शिवाय स्नायूंवरील ग्राहींची (रिसेप्टरची) संख्या वाढते, म्हणून त्यांना जाणवण्याजोगा प्रतिकार निर्माण होतो.

सांगड घालण्यामागचा हेतू

एकाच औषधाची पूर्ण मात्रा दिली की त्याचा दोषही पूर्ण मात्रेत मिळतो. एकट्या प्रोपोफॉलने रक्तदाब उतरतो आणि वेदना शमत नाही. एकट्या केटामाइनने वेदना उत्तम शमते, पण नाडी व रक्तदाब चढतात, लाळ सुटते आणि शुद्धीवर येताना भीतिदायक भास होऊ शकतात. ज्या रुग्णाने आधीच आगीचा अनुभव घेतलेला आहे, त्याला हे भास किती छळतील याची कल्पना करता येते. एकट्या मिडॅझोलॅमने इंडक्शन करायला इतके लागते की गुंगी तासन्‌तास रेंगाळते.

दोन औषधे जोडताना प्रत्येक जोडीबद्दल एक प्रश्न स्वतःला विचारावा: यांचे काय एकत्र वाढणार आहे आणि काय एकमेकांना सावरणार आहे? केटामाइन आणि प्रोपोफॉल यांची झोप आणणारी शक्ती साधारण एकमेकांत मिळवली जाते, रक्ताभिसरणावरचे परिणाम मात्र उलट दिशेने असल्याने एकमेकांना तोलतात. केटामाइन आणि गुंगी आणणारे डेक्समेडेटोमिडीन यांचेही तसेच: एकाने नाडी वाढते, दुसऱ्याने मंदावते, आणि डेक्समेडेटोमिडीनमुळे भासही कमी होतात. मिडॅझोलॅम आणि प्रोपोफॉल या दोघांचा परिणाम मात्र गुणाकाराने वाढतो. केवळ १ ते २ मि.ग्रॅ. मिडॅझोलॅम आधी दिले की प्रोपोफॉल बरेच कमी लागते. त्यात फेंटॅनिल हे मॉर्फिनवर्गीय वेदनाशामक मिसळले की श्वास मंदावण्याचा धोका तिन्ही औषधांच्या बेरजेपेक्षा मोठा होतो, आणि मिडॅझोलॅम, फेंटॅनिल व प्रोपोफॉल अशा क्रमाने घाईने दिल्यावर रुग्णाचा श्वास थांबला तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

केटामाइन आणि प्रोपोफॉल एका सिरिंजमध्ये मिसळून देण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. १० मि.ग्रॅ. प्रति मिली केटामाइन आणि १० मि.ग्रॅ. प्रति मिली प्रोपोफॉल समप्रमाणात मिसळले की प्रत्येकाचे ५ मि.ग्रॅ. प्रति मिली होते. ड्रेसिंग बदलण्याच्या छोट्या कामाला ती सोयीची आहे. मोठ्या शस्त्रक्रियेच्या इंडक्शनसाठी मात्र माझे मत स्पष्ट आहे: औषधे वेगवेगळ्या सिरिंजमध्ये ठेवावीत. एकत्र मिश्रणात एकाचे प्रमाण वाढवले की दुसऱ्याचेही आपोआप वाढते, आणि रक्तदाब उतरू लागल्यावर प्रोपोफॉल थांबवून केटामाइन चालू ठेवण्याची मुभा हातातून जाते.

आधीची तयारी

पहिल्या दिवशीच्या रुग्णात औषधाच्या आधी पाण्याचा हिशेब पाहावा. पार्कलँड सूत्राप्रमाणे (दर किलोमागे, भाजलेल्या दर टक्क्यामागे ४ मिली) ६० किलो वजन आणि ३५ टक्के भाजलेले क्षेत्र असेल, तर ४ गुणिले ६० गुणिले ३५ म्हणजे २४ तासांत ८,४०० मिली रिंगर लॅक्टेट होते आणि त्यातील निम्मे, ४,२०० मिली, पहिल्या ८ तासांत जायला हवे. हे ८ तास जळल्याच्या क्षणापासून मोजायचे असतात, रुग्णालयात आल्यापासून नव्हे. खेड्यातून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला येताना यातील ४–५ तास सहज निघून गेलेले असतात. हल्ली अनेक केंद्रे २ मिलीपासून सुरुवात करून लघवीप्रमाणे वाढवतात. सूत्र कोणतेही असो, प्रौढात ताशी ०.५ मिली प्रति किलो लघवी होत नसेल, तर इंडक्शनची मात्रा निम्म्यावर आणावी आणि शस्त्रक्रिया थांबू शकत असेल तर आधी रुग्ण भरून घ्यावा.

श्वासमार्गाकडे दिवसाच्या उजेडात, शांतपणे पाहावे. बंद खोलीतील आग, घोगरा आवाज, घुरघुर, थुंकीत काजळी, नाकातील जळालेले केस, ओठ व जीभ यांवरील सूज यांपैकी काहीही असेल, तर पुढचा सर्व आराखडा बदलतो. बंद खोलीतील आगीत कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेलेला असू शकतो आणि साधा पल्स ऑक्सिमीटर त्याला ओळखत नाही. ९९ टक्क्यांचा आकडा पाहून समाधान मानू नये, १०० टक्के ऑक्सिजन चालू ठेवावा आणि शक्य असेल तिथे को-ऑक्सिमीटरने तपासावे.

मॉनिटर लावणे हेच इथे एक काम होऊन बसते. छाती भाजली असेल तर इसीजीची पट्टी चिकटत नाही. तिला त्वचेच्या स्टेपलने धरून ठेवावे किंवा पाठीवर, खांद्यावर जागा शोधावी. बोटे भाजली असतील तर ऑक्सिमीटर कानाच्या पाळीला किंवा नाकाला लावावा. कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र) नसताना या रुग्णांत औषधांची सांगड घालण्याचे धाडस करू नये. शस्त्रक्रियागृहाचे तापमान २८ ते ३२ अंशांपर्यंत न्यावे; सर्जनना घाम येईल, पण रुग्णाला कातडीच नाही याचा विसर पडता कामा नये.

विचारपूस करताना चालू औषधांची नोंद घ्यावी. आपल्याकडे चुलीजवळ फिट येऊन आगीत पडलेले रुग्ण येतात. ते फेनिटॉइन हे फिटचे औषध घेत असतील तर मिडॅझोलॅम लवकर उतरते. वाढलेला चयापचय आवरण्यासाठी नाडी मंदावणारे प्रोप्रॅनोलॉल सुरू केलेले असेल, तर डेक्समेडेटोमिडीनने नाडी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कित्येक दिवस मॉर्फिन किंवा फेंटॅनिल चालू असलेल्या रुग्णाला नेहमीच्या मात्रेत वेदनाशमन होत नाही.

पाचव्या दिवशीचे इंडक्शन

आता सर्वांत नेहमीचे उदाहरण घेऊ. वय ३५, वजन ६० किलो, ज्वाळेने ३५ टक्के भाजलेली स्त्री, चेहरा वाचलेला, श्वासमार्ग सरळ, पाचवा दिवस, मृत त्वचा काढून त्वचारोपण करायचे आहे. लघवी चांगली आहे, नाडी ११५, रक्तदाब ११०/६४. ही नाडी या टप्प्यात अपेक्षितच आहे. ती उतरवण्यासाठी झोपेचे औषध वाढवू नये. रक्ताच्या पिशव्या तपासून हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नये, कारण या शस्त्रक्रियेत रक्तस्राव पाहता पाहता होतो आणि त्याचा हिशेब कापडात व ड्रेसिंगमध्ये हरवतो.

औषधे अशी पातळ करून घ्यावीत: ५० मि.ग्रॅ. प्रति मिलीचे केटामाइन २ मिली घेऊन त्यात ८ मिली सलाईन, म्हणजे १० मि.ग्रॅ. प्रति मिली, फेंटॅनिलचे १०० मायक्रोग्रॅम १० मिलीत, मिडॅझोलॅम १ मि.ग्रॅ. प्रति मिली, प्रोपोफॉल आहे तसे. मिडॅझोलॅम व केटामाइन दोन्ही निरनिराळ्या तीव्रतेच्या व्हायलमध्ये मिळतात, म्हणून लेबल प्रत्यक्ष वाचूनच सिरिंज भरावी आणि तिच्यावर नाव व तीव्रता दोन्ही लिहावी.

लाळ कमी करणारे ग्लायकोपायरोलेट ०.२ मि.ग्रॅ. आधी द्यावे. ३ मिनिटे मास्कने ऑक्सिजन द्यावा. भाजलेल्या चेहऱ्यावर मास्क दाबणे वेदनादायक असते, पण येथे चेहरा वाचलेला आहे. मग मिडॅझोलॅम १ मि.ग्रॅ. आणि फेंटॅनिल १ मायक्रोग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६० मायक्रोग्रॅम, देऊन २–३ मिनिटे थांबावे. हे थांबणे आराखड्याचा भाग आहे. मिडॅझोलॅमचा परिणाम पूर्ण दिसायला वेळ लागतो, आणि तो दिसण्याआधीच पुढचे औषध गेले की नंतर सगळे एकदम अंगावर येते. या वेळात रुग्णाशी बोलत राहावे. ‘ताई, आता झोप येईल, मी इथेच आहे’ एवढे शांत आवाजात सांगितले तरी केटामाइननंतरचे भास कमी त्रासदायक होतात असा भूलतज्ज्ञांचा जुना अनुभव आहे.

यानंतर केटामाइन ०.७५ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे ४५ मि.ग्रॅ., सुमारे एका मिनिटात हळूहळू द्यावे. जोरात ढकलल्यास केटामाइननेही श्वास थांबू शकतो. त्याच्या मागोमाग प्रोपोफॉल २० मि.ग्रॅ.च्या हप्त्यांनी, प्रत्येक हप्त्यानंतर अर्धा मिनिट थांबून. ०.५ ते १ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे ३० ते ६० मि.ग्रॅ., बहुतेक वेळा पुरते; या टप्प्यात काहींना अधिक लागते आणि ते द्यायला हरकत नाही. केटामाइन आधी आणि प्रोपोफॉल नंतर, हा क्रम मी मुद्दाम पसंत करतो: उलट केल्यास प्रोपोफॉलने रक्तदाब आधी उतरतो आणि केटामाइनचा आधार मागाहून पोहोचतो.

झोप किती खोल आहे हे ओळखण्याच्या नेहमीच्या खुणा केटामाइनमध्ये फसवतात. डोळे उघडे राहतात, बुबुळे हलतात, पापणीची प्रतिक्रिया टिकून राहते, आणि बीआयएसचा (मेंदूच्या लहरींवरून झोपेची खोली मोजणाऱ्या मॉनिटरचा) आकडाही चढलेला दिसतो. हाक मारल्यावर प्रतिसाद नाही आणि जबडा सैल झाला, हे पाहून पुढे जावे.

मास्कने श्वास देता येतो याची खात्री करून रोक्युरोनियम १.२ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे सुमारे ७० मि.ग्रॅ., द्यावे. सक्सिनिलकोलीन हे दुसरे स्नायुशिथिलक, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात स्कोलिन म्हणतो, या रुग्णात वर्ज्य आहे. जळल्यापासून २४ तास उलटले की स्नायूंवर नव्याने उगवलेल्या ग्राहींमुळे पोटॅशियम अचानक वाढून हृदय थांबू शकते, आणि हा धोका जखमा भरल्यानंतरही अनेक महिने राहतो. म्हणून निदान एक वर्ष तरी ते टाळणेच शहाणपणाचे. रोक्युरोनियमला प्रतिकार सुरू होण्याचा हा काळ आहे, त्यामुळे ९० सेकंद वाट पाहावी आणि नर्व्ह स्टिम्युलेटर (स्नायू किती सैल झाले हे दाखवणारे यंत्र) असेल तर त्यावर विसंबावे.

रक्तदाब उतरला तर आधी रिंगर लॅक्टेटचा वेग वाढवावा आणि त्याच वेळी रक्तदाब वाढवणारे फेनिलेफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा मेफेन्टरमिन ३ ते ६ मि.ग्रॅ. द्यावे. नाडी आधीच वेगवान असल्याने या टप्प्यात मला फेनिलेफ्रिन अधिक योग्य वाटते. दोन्ही सिरिंज इंडक्शनच्या आधी भरून ठेवाव्यात.

डेक्समेडेटोमिडीन जोडायचे असेल तर ते पाण्याने पुरेशा भरलेल्या, नाडी चांगली असलेल्या रुग्णातच. २०० मायक्रोग्रॅम ५० मिलीत घेतले की ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली होते. ६० किलोला ०.५ मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, अर्थात ७.५ मिली, १० मिनिटांत पंपाने द्यावे. ते दिले तर मिडॅझोलॅम वगळावे आणि प्रोपोफॉल निम्मे करावे. पुढे ताशी ३ ते ७.५ मिली चालू ठेवल्यास शस्त्रक्रियेत आणि नंतर वेदनाशामके कमी लागतात. पंप नसेल तर हे औषध हाताने देण्याचा विचारही करू नये.

पहिल्या दिवशी

पहिल्या २४ तासांत शस्त्रक्रियागृहात येणारा रुग्ण बहुधा एस्कारोटॉमीसाठी (आवळून बसलेली जळकी त्वचा चिरून मोकळी करण्यासाठी) किंवा श्वासमार्ग सुरक्षित करण्यासाठी येतो. येथे सांगड लहान ठेवावी: केटामाइन ०.५ मि.ग्रॅ. प्रति किलो, गरजेप्रमाणे आणखी ०.२५ मि.ग्रॅ. प्रति किलोचे हप्ते, सोबत मिडॅझोलॅम ०.५ ते १ मि.ग्रॅ. द्यावे. प्रोपोफॉल आणि डेक्समेडेटोमिडीन दोन्ही बाजूला ठेवावीत. केटामाइन रक्तदाब सांभाळते ते शरीरातील कॅटेकोलामाइनच्या (अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांच्या) जोरावर. तासन्‌तास धक्क्यात असलेल्या रुग्णात तो साठा संपलेला असतो आणि मग केटामाइनचा हृदयस्नायूवरचा मूळचा मंदावणारा परिणाम उघडा पडतो. म्हणून केटामाइन देतानाही मेफेन्टरमिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तयार असावे.

इटोमिडेट या झोपेच्या औषधाने रक्तदाब स्थिर राहतो म्हणून काही जण ते निवडतात. ते अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसोलची निर्मिती रोखते, आणि भाजलेल्या, पुढे जंतुसंसर्गाकडे झुकणाऱ्या रुग्णाला कॉर्टिसोलची गरज सर्वाधिक असते. केटामाइन उपलब्ध असताना मी ते वापरणार नाही.

श्वासमार्ग संशयास्पद असेल तर

येथे झोपेच्या औषधांची सांगड जवळजवळ मोडावी लागते. सूज पहिल्या २४ तासांत वाढतच जाते, म्हणून वाट पाहू नये. पण रुग्णाचा स्वतःचा श्वास घालवणारे काहीही, नळी आत गेल्याची खात्री होण्याआधी, देऊ नये. ग्लायकोपायरोलेट ०.२ मि.ग्रॅ., ४ टक्के लिग्नोकेनने घसा व स्वरयंत्र बधिर करणे, आणि केटामाइनचे १० ते १५ मि.ग्रॅ.चे लहान हप्ते एवढ्यावर जागेपणी फायबरऑप्टिकने किंवा व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने नळी टाकावी. अडचण आल्यास मानेतून श्वासमार्ग उघडणारा सर्जन हात धुऊन शेजारी उभा असावा.

काही महिन्यांनी हनुवटी छातीला चिकटलेल्या आकुंचनासाठी तोच रुग्ण परत येतो, तेव्हाही नियम हाच. केटामाइन आणि डेक्समेडेटोमिडीन या जोडीवर, रुग्ण स्वतः श्वास घेत असताना, सर्जनने स्थानिक भुलीखाली मानेचा पट्टा आधी मोकळा करावा आणि मान मागे झुकू लागल्यावर मगच पूर्ण भूल द्यावी.

मुले आणि ड्रेसिंग

गरम पाण्याने भाजलेली लहान मुले ड्रेसिंगसाठी पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी जास्त घाबरलेली येतात. तोंडाने मिडॅझोलॅम ०.५ मि.ग्रॅ. प्रति किलो अर्धा तास आधी दिल्यास आईच्या मांडीवरून मूल न रडता आत येऊ शकते. १५ किलोच्या मुलाला ते ७.५ मि.ग्रॅ. होते. नंतर शिरेतून केटामाइन १ मि.ग्रॅ. प्रति किलो आणि गरज पडल्यास प्रोपोफॉल ०.५ मि.ग्रॅ. प्रति किलो. शीर मिळतच नसेल तर केटामाइन ४ ते ५ मि.ग्रॅ. प्रति किलो स्नायूत द्यावे आणि मूल झोपल्यावर शीर शोधावी. नळी न टाकता केलेल्या या कामातही ऑक्सिजन, सक्शन आणि कॅप्नोग्राफ लागतोच.

नोंद

केटामाइन २०१३ पासून आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत आहे. कुलूप, नोंदवही आणि उरलेल्या औषधाचा हिशेब नीट असावा, नाहीतर रात्रीच्या वेळी ते मिळतच नाही आणि रुग्णाला पर्यायी, कमी योग्य औषध द्यावे लागते. भुलीच्या कागदावर नुसत्या मात्रा लिहून थांबू नये. जळल्यापासूनचा दिवस, दिलेला क्रम, झोप लागेपर्यंत गेलेले प्रोपोफॉल, सर्वांत खाली उतरलेला रक्तदाब, रोक्युरोनियमला लागलेला वेळ आणि शुद्धीवर येताना रुग्ण घाबरला की शांत होता हेही लिहावे. याच रुग्णाला चार-सहा दिवसांनी पुन्हा टेबलावर घ्यायचे असते, बहुधा दुसऱ्या भूलतज्ज्ञाच्या पाळीत, आणि त्या दिवशीच्या मात्रा याच कागदावरून ठरवायच्या असतात.